प्रज्ञाताईचा स्कॅन

सुनीलचा फोन आला तेव्हा माझ्या हातात सिरिंज होती. सकाळचे आठ वाजून गेले होते. आमच्या विभागाच्या आतल्या खोलीत, शिशाच्या जाड विटांच्या आड मी दिवसाचा पहिला डोस भरत होते आणि खिशात मोबाइल थरथरत होता. थांबला, पुन्हा थरथरला. तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा मला कळलं. प्रज्ञाताईचा भाऊ सकाळी आठला लागोपाठ तीन फोन करतो, याचा अर्थ एकच होता. पण बाहेर सात पेशंट उपाशीपोटी बसले होते आणि माझ्यासमोरच्या शिशाच्या डब्यातलं औषध दोन तासांच्या आतच निम्मं होणार होतं… ते कोणासाठी थांबत नाही. मी डोस भरला, मोजला, वहीत वेळ लिहिली, पेशंटला टोचला. मग दुसरा. चौथ्या पेशंटनंतर जिन्याखाली जाऊन फोन लावला. "गेली," सुनील म्हणाला. "साडेसातला." मी ताईच्या आईची चौकशी केली, "मावशी कशा आहेत?" "बसलीय," एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला. मी परत आत गेले आणि उरलेल्या तिघांना इंजेक्शन दिलं. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, "मॅडम, तुमचे हात एवढे गार कसे हो?"

या गोष्टीला आता सहा आठवडे होऊन गेले. लिहायला एवढा वेळ लागला, कारण जे सांगायचं आहे त्यात माझं एक वागणं आहे आणि ते वगळून मला प्रज्ञाताईबद्दल लिहिता येत नाही.

प्रज्ञा कांबळे हे नाव वाचकांनी ऐकलेलं असण्याचं कारण नाही. चिंचवडच्या एका खासगी रुग्णालयाच्या तळघरात तिनं सोळा वर्षं काम केलं. कॅन्सर अंगात कुठं कुठं पोचलाय हे दाखवणारा पेट स्कॅन असतो ना, तो करणारी ती तंत्रज्ञ. रिपोर्टवर डॉक्टरांची सही असते, तंत्रज्ञाचं नाव कुठंच नसतं. तरी पिंपरी, चाकण, खेड, तळेगाव या बाजूच्या हजारो माणसांच्या हाताची शीर तिनं शोधली असेल आणि तेवढ्याच माणसांना तिनं "हलू नका हं, मी इथंच आहे" असं म्हटलं असेल.

ती काळेवाडीची. दोन खोल्यांचं घर, आई, वडील, ती आणि सुनील. वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात प्रेसवर होते. प्रेसखाली त्यांची दोन बोटं गेली, तरी निवृत्त होईपर्यंत त्याच खात्यात राहिले; आता ते हयात नाहीत. पहिल्या शिफ्टला निघताना ते तिला अभ्यासाला उठवून जायचे. कॉलेजात तिनं भौतिकशास्त्र घेतलं ते कोणी सुचवलं म्हणून नाही, तर त्या वर्गात मुली कमी होत्या आणि पुढचा बाक रिकामा मिळायचा म्हणून, असं ती सांगायची. तिथं एकदा सरांनी फळ्यावर इलेक्ट्रॉन काढला आणि त्याच्या शेजारी त्याचा जुळा भाऊ काढला. वजन तेच, विद्युतभार मात्र उलटा. या जुळ्याला पॉझिट्रॉन म्हणतात आणि अशा उलट्या कणांच्या पदार्थाला प्रतिद्रव्य. सर म्हणाले, हे दोघे भेटले की दोघेही नाहीसे होतात. ताईनं हात वर केला. "सर, नाहीसे होतात म्हणजे कुठं जातात?" सर म्हणाले, "हा प्रश्न परीक्षेला येत नाही." वर्ग हसला. तिनं ग्रंथालयातून एक इंग्रजी पुस्तक आणलं आणि शब्दकोश मांडीवर घेऊन महिनाभर ते वाचलं. वडिलांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण हे बघायला मिळंल का तुला?" त्यानंतर काही वर्षांनी, मुंबईत वसतिगृहात राहून न्यूक्लिअर मेडिसिनचा डिप्लोमा करून ती परत आली, नोकरीला लागली आणि पहिल्याच आठवड्यात वडिलांना तळघरात घेऊन गेली. मशीनच्या मोठ्या गोल तोंडाकडे बोट दाखवून म्हणाली, "आप्पा, इथं बघायला मिळतं."

मी तिच्याकडे आले ते नऊ वर्षांपूर्वी. मी लातूरकडची. वडील चाकणला गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत लागले म्हणून आमचं घर इकडे आलं. डिप्लोमा नवा आणि किरणोत्सर्गाची मनात धास्ती. पहिल्या दिवशी मी तिला मॅडम म्हटलं. "ताई म्हण," ती म्हणाली. "घाबरतेस ना? बरंय. घाबरणारी माणसं नियम पाळतात." मग तिनं मला कामाची तीन सूत्रं सांगितली: डोसजवळ कमी वेळ, त्याच्यापासून जास्त अंतर, आणि मध्ये शिसं. रोज सकाळी मशीनची चाचणी असायची. इलेक्ट्रॉन आणि त्याचा जुळा भेटून संपले की जे किरण निघतात, त्यांची ऊर्जा नेमकी पाचशे अकराच्या आकड्यावर दिसते का ते बघायचं. स्क्रीनवर त्या जागी टोक उभं राहिलं की ती म्हणायची, "आलं. जग जागेवर आहे." त्यात तिला दरवेळी खरंच आनंद व्हायचा, हे मला बरेच महिने कळलंच नव्हतं. मला वाटायचं, गंमत करते.

औषध मुंबईहून गाडीनं यायचं. "लोकांना वाटतं, प्रतिद्रव्य म्हणजे काहीतरी आकाशातलं," ती म्हणायची. "आपल्याकडे ते रोज सकाळी येतं आणि रावेतला ट्रॅफिकमध्ये अडकतं." अडकलं की तिचा जीव खालीवर व्हायचा, कारण गाडी उभी असतानाही ते कमी कमी होत असायचं आणि खाली लोक रात्रीपासूनचे उपाशी. एकदा राजगुरुनगरकडचे एक आजोबा आले होते. फुप्फुसाचा आजार. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, बरोबर आलेला पुतण्या बाहेर चहाला गेलेला. इंजेक्शन बघून म्हणाले, "बाई, ह्यानं आतून भाजत न्हाई ना?" ताई स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. एरवीही डोस भरायच्या आधी तिला जेवढा वेळ मिळायचा तो ती असाच घालवायची.

"नाही भाजत, आजोबा. ही साखरेसारखी वस्तू आहे. तुमच्या अंगात जिथं जास्त भूक आहे, तिथं ती जास्त जाऊन बसणार. आजाराच्या गाठीला फार भूक असते."

"बरं. मंग?"

"त्या साखरेला एक कण चिकटवलाय, त्यातून एक उलटा कण बाहेर पडतो. तो सुईच्या टोकाएवढंही लांब जात नाही. लगेच त्याला तुमच्या अंगातला सरळ कण भेटतो. भेटले की दोघंही संपतात."

"संपत्यात म्हंजी? फुटत्यात?"

"फुटले तर तुकडे उरतील. तसं नाही. काहीच उरत नाही. दोघांचं जे काही वजन होतं, त्याचा उजेड होतो. दोन किरण निघतात, एक या बाजूला, एक बरोबर त्याच्या उलट बाजूला. डोळ्याला दिसत नाहीत. मशीन दोन्हीकडून ते धरतं आणि मध्ये रेघ ओढतं. अशा लाखो रेघा झाल्या की आम्हाला कळतं, कण कुठं संपत होते ते."

आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "लईच वाईट की वो बाई. मागं राख बी न्हाई?"

"नाही."

"आन् तुमाला बरं कळतं, कुटं संपले ते."

ताई हसली नाही. "तेवढंच कळतं," ती म्हणाली आणि त्यांची बाही वर सारली.

आमच्या कामात एक अवघड जागा आहे. चित्र सगळ्यात आधी तंत्रज्ञाला दिसतं. डॉक्टर नंतर बघतात, रिपोर्ट नंतर येतो, पण पेशंट अजून मशीनमध्ये झोपलेला असतो तेव्हाच काचेपलीकडच्या स्क्रीनवर त्याचं सगळं शरीर हळूहळू उमटत जातं. मेंदू उजळतो, मूत्राशय उजळतं, ते नेहमीचंच. त्याखेरीज जे उजळतं ते बघायची सवय व्हावी लागते. आणि पेशंट बाहेर आला की पहिला प्रश्न आम्हालाच विचारतो, "काय दिसलं?" आम्हाला सांगायचा अधिकार नाही. पहिल्या वर्षी रहाटणीची एक तरुण बाई आली होती, अंगावरचं बाळ सासूकडे ठेवून. बाहेर येताना तिनं माझा हात धरला. माझ्या तोंडून निघून गेलं, "काही नाही हो, बरं आहे सगळं." ती तिथल्या तिथं रडली, पॅसेजमध्ये जाऊन नवऱ्याला फोन केला, मला जाताना थँक्यू म्हणाली. दोन दिवसांनी रिपोर्ट घेऊन तिचा नवरा खाली आला. दारात उभा राहून माझ्याकडे बघत राहिला आणि निघून गेला.

त्या दुपारी ताईनं मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. इतकी रागावलेली मी तिला कधीच पाहिली नव्हती. "तू तिला वर नेऊन ठेवलंस आणि आता ती तिथून पडली," ती म्हणाली. "वैशाली, 'डॉक्टर सांगतील' एवढंच म्हणायचं. हजार वेळा विचारलं तरी तेच. 'काही नाही' हे शब्द इथं वापरायचे नाहीत. कधीच नाहीत. माझ्या माणसाला जरी कोणी आणलं ना, तरी नाहीत." मग थोड्या वेळानं आपणच दोन चहा घेऊन आली. त्यानंतर आठ वर्षांत मी ते शब्द वापरले नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर ताईचा डबा अर्धा परत जायला लागला. पित्त झालंय, म्हणायची. पाठ दुखायची तर म्हणायची, शिशाचे डबे उचलून दुखते. घड्याळाचा पट्टा तिनं दोन भोकं आत घेतला होता. आम्ही दोघी रोज असल्याच पेशंटांच्या कहाण्या ऐकत होतो, दोघींनाही कळायला हवं होतं. कळलंही असेल… पण बोलली कोणीच नाही. थंडी संपता संपता तिचे डोळे पिवळे दिसायला लागले, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी जबरदस्तीनं सोनोग्राफी केली. स्वादुपिंडाच्या रुंद टोकात गाठ निघाली. कितपत पसरलंय हे बघायला पेट स्कॅन सांगितला.

"पुण्यात दुसरीकडे करू या," मी म्हटलं. "ओळखीचं सेंटर आहे."

"सोळा वर्षं लोकांना इथं झोपवलं आणि मी दुसरीकडे जाऊ? आपल्याकडेच. आणि तूच करायचास."

"दुसऱ्या मुलीला सांगते ना, ताई. मला नको."

"ती नवी आहे. तिचा चेहरा लगेच पडतो. तुझा पडत नाही, मी शिकवलंय तुला."

ती उपाशीपोटी आली, सगळ्यांसारखी नाव पुकारायची वाट बघत बाहेरच्या बाकावर बसली. आत आल्यावर उजवा हात पुढे केला. "डावीकडची शीर सापडत नाही, उगाच शोधत बसू नकोस." मला पहिल्याच प्रयत्नात शीर मिळाली. औषध आत जाताना ती त्या नळीकडे टक लावून बघत होती. "झालं सुरू," ती म्हणाली. "आता माझ्यातही संपायला लागले." मी वहीत वेळ लिहिली. इंजेक्शननंतर तासभर एकट्यानं, न बोलता, न हलता पडून राहावं लागतं. स्नायू हलले की साखर तिकडे जाते. मी कॅमेऱ्यातून तिला बघत होते. पांघरूण गळ्यापर्यंत ओढून ती छताकडे बघत पडली होती आणि तासाभरात तिनं बोटसुद्धा हलवलं नाही. एवढा आज्ञाधारक पेशंट मी पाहिलेला नाही.

स्कॅन मांडीपासून वर सरकत जातो. काचेपलीकडे टेबल हळूहळू सरकत होतं आणि इकडे माझ्यासमोर ती उमटत होती. आधी फक्त मूत्राशय, नेहमीचंच. मग मणक्यात एक ठिपका, त्याच्यावर आणखी एक. मग यकृत आलं… यकृतात मी मोजायला लागले आणि मोजणं सोडून दिलं. स्वादुपिंडापाशी तर एक सबंध गोळा पेटल्यासारखा होता. त्या क्षणी तिथं, माझ्यापासून दहा फुटांवर, तिच्या अंगात दर सेकंदाला अगणित कण नाहीसे होत होते आणि त्यांचा उजेड त्वचेतून बाहेर पडून तिच्याभोवतीच्या गोल कड्यावर आदळत होता. मशीन नेकीनं रेघा ओढत होतं. ताईनं कॉलेजात हात वर करून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी तिच्याच शरीरात बघत होते आणि त्या वीस मिनिटांत हे जगात फक्त मला माहीत होतं. तिला नाही, डॉक्टरांना नाही, मावशींना नाही. मी माइक दाबून म्हटलं, "हलू नका हं, मी इथंच आहे." सवयीनं 'नका' म्हणून गेले. आतून ती म्हणाली, "हो मॅडम."

टेबल बाहेर आलं. मी तिला उठायला हात दिला. गाऊन सावरत ती टेबलाच्या कडेला बसली, पायात चपला शोधल्या, आणि मान वर करून मला विचारलं, "काय दिसलं गं?"

माझी अपेक्षा नव्हती ती विचारेल अशी. नियम करणारी तीच, नियम शिकवणारी तीच. पण तिच्या आवाजात त्या रहाटणीच्या बाईचाच आवाज होता… सगळ्यांचा असतो तोच. आणि मी म्हटलं, "काही विशेष नाही, ताई."

ती दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिली. मग "बरं," म्हणाली आणि पाणी मागितलं.

स्कॅननंतर काही तास पेशंटच्या अंगातून किरण येत असतात, म्हणून लहान मुलांपासून दूर राहायला सांगतात. घरी सुनीलची दोन वर्षांची मुलगी. त्यामुळे ताई संध्याकाळपर्यंत आमच्याकडच्याच शेवटच्या खोलीत बसून राहिली. मी चार वेळा त्या दारावरून गेले. आत गेले नाही. अशा पेशंटजवळ कमी वेळ थांबायचं हा नियमच आहे, आणि त्या दिवशी मी तो नियम अगदी मनापासून पाळला. पाच वाजता ती स्वतःच उठली, ओढणी खांद्यावर घेतली आणि बाहेर जाऊन रिक्षात बसली.

तीन दिवसांनी डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं. केमो सुरू झाली, तीन वेळा घेतली, चौथी तिनंच नको म्हटली. सुनील बिथरला. तो चाकणला एका कंपनीत असेंब्ली लाइनवर आहे, मितभाषी माणूस. पण एका रविवारी मी घरी गेले असताना माझ्यासमोरच म्हणाला, "त्या तळघरानंच खाल्लं हिला. आप्पांची बोटं गेली, हिचा जीव चाललाय. आमच्या घरातल्या कामाच्या माणसांचं हेच." ताई उशीला टेकून बसली होती. "सुनील, मशीननं फक्त दाखवलं," ती म्हणाली. तो उठून बाहेर गेल्यावर मात्र तिनं आवाज खाली आणला. "खरं सांगू का? मला माहीत नाही. कोणालाच सांगता यायचं नाही. आपल्याला लागलेला डोस कायम मर्यादेत होता, एवढं मला माहीत आहे. तू अंगावर किरण मोजायची पट्टी रोज लावत राहा. आळस करू नकोस." मी हो म्हटलं. त्या दिवसापासून मला पुन्हा रोज सकाळी डोस भरताना भीती वाटते, हे मी तिला सांगितलं नाही.

मी दर रविवारी जात होते. मावशी चहा करायच्या, मी तिच्या पायांना तेल लावायचे, कामावरच्या गोष्टी सांगायचे. माझ्या त्या खोट्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि मीही नाही. बोलायचं ठरवून जायचे, खोलीत शिरले की तिचा उतरलेला चेहरा बघून दुसरंच काहीतरी बोलायचे. शेवटच्या रविवारी ती बहुतेक वेळ झोपेतच होती. मध्ये एकदा डोळे उघडून म्हणाली, "आज गाडी वेळेवर आली का?" रविवार होता, गाडी येतच नाही. मी म्हटलं, "आली, ताई." तीन-चार महिन्यांत माझं तिच्याशी हे दुसरं खोटं. पुढच्या रविवारी नक्की बोलायचं असं ठरवून मी जिना उतरले. ती गुरुवारी गेली.

त्या गुरुवारी सात पेशंट संपवून मी काळेवाडीला पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. गल्लीत पांढऱ्या कपड्यांतली माणसं उभी होती, घरात बुद्धवंदना चालली होती. सुनीलनं मला पाहिलं आणि म्हणाला, "आज तरी सुट्टी घ्यायची होतीत." त्याला काय सांगणार होते? औषध निम्मं झालं असतं, लोक उपाशी परत गेले असते, हे सगळं खरं होतं. आणि मला तिथं लवकर यायची भीती वाटत होती, हेही खरं होतं. मी बायकांमध्ये जाऊन बसले. मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी मावशींचा फोन आला. "ये एकदा. काम हाय." मी गेले. सुनील कामावर, सून मुलीला घेऊन माहेरी. मावशी ताईच्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. चहा विचारला नाही. मला समोर बसवलं आणि एकदम म्हणाल्या, "त्या दिवशी तू तिला काय सांगितलंस?"

कोणता दिवस, हे मी विचारलं नाही. "मी म्हटलं, काही विशेष नाही."

"व्हय. मला पण तिनं तेच सांगितलं. रिक्षातून उतरली आन् म्हणली, आई, वैशालीनं केलं मशीनवर, काई विशेष न्हाई म्हणली. मी त्या दिवशी तिच्यासाठी पुरणाची पोळी केली. तीन दिवस मी गल्लीभर सांगत फिरले, पोरगी वाचली म्हणून." त्यांचा आवाज सपाट होता. "मग डॉक्टरनं बोलावलं. त्या दिवसापासून मी तुला चहा देत होते, पण मनात एकच होतं, ह्या पोरीनं फसवलं मला."

मी म्हटलं, "मला सांगवलं नाही, मावशी."

"हे मी तिला बोलून दाखवलं, शेवटच्या आठवड्यात. म्हणलं, ती खोटारडी हाय तुझी वैशाली, रविवारी येऊ नको म्हण तिला. तर मलाच रागावली. म्हणली, तिनं मला न्हाई फसवलं. तिनं तोंड उघडायच्या आदी मला कळलं होतं, ती 'हलू नका' म्हणली तवाच. तुला मी फसवलं, आई. तिच्या नावावर." मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "म्हणली, मला पण सांगवलं न्हाई गं तुला."

बाहेर गॅसच्या टाक्यांची गाडी येऊन गेली. मला रडू आलं नाही, हलकंही वाटलं नाही. आठ वर्षं जिनं मला ते शब्द तोंडातून काढू दिले नाहीत, तिनं ते माझ्याकडून घेऊन घरी आणले होते आणि आईसमोर ठेवले होते, हे माझ्या डोक्यात बसायला वेळ लागत होता. त्या खोलीत, त्या संध्याकाळी, मशीनमध्ये काय पेटलेलं असेल ते पुरतं ओळखून, समोरची पुरणपोळी तिनं कशी खाल्ली असेल?

"खाल्ली का हो तिनं पोळी?" मी विचारलं.

"दीड खाल्ली," मावशी म्हणाल्या. "मग ओकली. म्हणली, उपाशीपोटी जास्त झालं."

मग त्या उठल्या आणि खाटेच्या उशाशी भिंतीकडे बोट दाखवलं. "हे दाखवायला बोलावलं तुला. सुनील रंग देऊ म्हणतो. मी नको म्हणलं."

भिंतीवर पेन्सिलीनं वेळा लिहिलेल्या होत्या. दर चार तासांनी दुखण्याची गोळी होती, तिची नोंद. सुरुवातीच्या ओळी ताईच्या बारीक, सरळ अक्षरात, विभागातल्या वहीत लिहायची तशाच: वेळ, आणि गोळी दिली की पुढं बरोबरची खूण. पुढची वेळ तिनं दरवेळी आधीच लिहून ठेवलेली, म्हणजे चुकायला नको. खाली खाली अक्षर वाकडं होत गेलं होतं, आणि मग एका जागी ते बदललं. चौथीपर्यंत शिकलेल्या मावशींचे मोठे, थरथरते आकडे. त्यांनाही तिनं पुढची वेळ आधी लिहायला शिकवलं होतं. शेवटून दुसरी ओळ त्या गुरुवारी सकाळी सहाची होती, तिच्यापुढे खूण होती. तिच्याखाली दहा वाजताची वेळ लिहिलेली होती आणि तिच्यापुढची जागा मोकळी होती.